उपरण्याखालचा भाव

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची जत्रा भरते. भंडारा, तमाशाचे तंबू, घोडे, गाढवं सगळं असतं. पण पाहावा तो गुरांचा बाजार. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, जबडा उघडून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, नको तिथला एखादा केसांचा भोवरा शोधून काढतोच. भोवरा नाही सापडला तर त्याला चाल पसंत पडत नाही. मग उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून भाव ठरतो, चेहरे कोरडेठाक.

हेड्याचा मला राग नाही. खोड काढणं हा त्याचा धंदाच. जनावर मोलाचं आहे हे दोघंही जाणून असतात. भाव पडला तरी पारख शाबूत असते.

ही पारख गेली ती ‘दूध किती देते?’ या प्रश्नापायी. कंधारची लालकंधारी आणि लातूरकडची देवणी, दोघी या प्रश्नात संकरित गाईपुढे नापास. देवणी खरं तर दुधाला आणि औताला अशी दुहेरी जोपासलेली जात. पांढराशुभ्र तो बालंक्या, तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा, अंगावर काळी ठिगळं तो शेवरा. लोकांनी नजरेनं राखलेली ही वंशावळ. काळ्या रानात औत ओढणं, वैशाखात कडब्यावर तग धरणं, हे दूध संकलन केंद्रावरच्या फॅटच्या यंत्राला कुठून दिसणार? त्यात ट्रॅक्टरनं बैलाचं काम नेलं. 2015 मध्ये बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली आणि थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. वैरणीचा खर्च मात्र मालकाच्याच बोकांडी.

शहरात देशी गाईचं तूप किलोला हजारांत जातं. गाय देवणी की कंधारी, याची चौकशी घेणारा करत नाही.

30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हटलं. त्याच दिवशी गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज 50 रुपयांचं अनुदानही ठरलं. गोशाळेतल्या, बरं का! दावणीला आहे तोवर तिचा खर्च घरचा; दावं सुटलं की सरकारी.

आणि त्या दावणीपाशी पहाटे शेण काढणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी बाई? दुधाच्या पावतीवर तिच्या कामाचा रकाना नसतो. काय काम करता म्हणून विचारलं तर तीच सांगते, “म्या कुठं काय करते? घरीच तर असते.”