दारं धरणाऱ्या आबांना

तीर्थरूप आबा,


आईचा फोन आला होता. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे आणि तुम्ही चपला बांधावर काढून उसाला दारं धरताय, असं म्हणाली. बिबट्याच्या भीतीनं काठी नि बॅटरी नेता खरं, पण उजेड टाकता लांब, पायाखाली अंधारच. तात्यांना मागच्या पावसाळ्यात पान लागलं, घोणस डसली, ते त्याच सरीत.

तात्या त्या रात्री काय म्हणाले, आठवतं? "जरा सुजलंय, बाकी काही नाही." कडुनिंबाचा पाला कडू लागला, म्हणजे विष चढलं नाही, म्हणून सगळे निर्धास्त झोपले. पहाटे हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा गाडी निघाली. तात्या वाचले, पण मूत्रपिंडं बिघडून महिनाभर डायलिसिस करावं लागलं. वाया गेलेल्या त्या रात्रीचा मला अजून राग येतो.

आबा, पाट फुटला की तुम्ही खोऱ्यानं माती ओढता. रक्त आपली माती बरोबर घेऊनच वाहतं. अंगात पाचेक लिटर रक्त, हृदय ते मिनिटाभरात सगळं फिरवतं. त्यात प्लेटलेट्स असतात आणि यकृतानं बनवलेली, रक्त गोठवणारी प्रथिनं असतात. वाहिनीचं आतलं अस्तर धड आहे तोवर ती नुसती वाहतात. कुठं फाटलं की प्लेटलेट्स तिथं चिकटतात, फायब्रिनोजेनचे धागे होतात आणि भगदाड बुजतं. तुमच्या हाताला विळा लागतो तेव्हा तुम्ही विसरूनही जाता, इतकं हे मुकाट चालतं.

घोणशीचं विष ही प्रथिनं उगाचच जागी करतं. पाट कुठंच फुटलेला नाही आणि माणूस जागोजाग माती टाकत सुटलाय, असं. काही तासांत माती संपते. मग हिरडी असो, लघवीची वाट असो, मेंदू असो, फुटलं की बुजवायला काही उरत नाही. हेच विष अगदी थोडं घेऊन मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी लंडनमध्ये 1934 साली हिमोफिलियाच्या रोग्यांचा रक्तस्राव थांबवून दाखवला होता. वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तात्यांचाच विचार करत होते.

लॅबमध्ये हे ओळखायला यंत्र लागत नाही. नवी, कोरडी काचेची नळी, दोन मिली रक्त, 20 मिनिटं न हलवता ठेवायची, मग एकदा तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की समजायचं, माती संपली. नळी साबणानं धुतलेली चालत नाही, प्लास्टिकची तर नाहीच. मग घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष शिरेतून देतात. ते विषाला धरतं, पण नवी माती यकृतालाच करावी लागते, म्हणून तीच चाचणी सहा तासांनी पुन्हा. तात्यांच्या उशाशी डॉक्टर नळी घेऊन पुन्हापुन्हा का येत होते, ते यासाठी. नाग-मण्यार मात्र मज्जातंतूंवर घाला घालतात. तिथं नळीतलं रक्त गोठलं तरी माणूस धोक्यात असू शकतो.

नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी जुन्नर तालुक्यात सापानं एकही माणूस जाऊ नये म्हणून कित्येक वर्षं घालवली आहेत. इतकं जवळ हे काम चालू असताना आपण पाला चावत बसलो.

पुन्हा कुणाला पान लागलं तर दोरी आवळायची नाही, ब्लेड लावायचं नाही. अंगठी, करदोडा, पैंजण काढा. विष आधी लसिकेच्या वाटांनी चढतं. त्यांना हृदयासारखा पंप नाही, स्नायू हलले की लसिका पुढं सरकते. म्हणून पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, चालायचं नाही. 108 ला वेळ लागत असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून थेट मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. साप मारण्यात वेळ घालवू नका.

गमबूट एसटीच्या पार्सलनं पाठवलेत, नऊ नंबर. सैल झाले तर जाड मोजे घाला. रात्री काढून ठेवलेत तर सकाळी उपडे करून झटकूनच घाला. तात्यांसाठीही एक जोड आहे, आठ नंबर. त्यांना स्वतः नेऊन द्या.

तुमची,
ताई