अवलंबित कोणास म्हणावे?

व्यापारी घराच्या खतावणीत येणेकऱ्यांची, देणेकऱ्यांची, मालाची, दलालीची, हमालीची अशी सर्व खाती असतात. मुलामुलींच्या नावाचे खाते मात्र सहसा नसते. त्यांची फी, पुस्तके, कपडे, आजारपण हे सारे ‘घरखर्च’ या एकाच पानावर नावे पडते, आणि त्या पानावर कोणासाठी किती खर्च झाला याची फोड कोणी करीत नाही. तशी फोड करणे हेच कमीपणाचे मानले जाते. भारतातील आयकराचा कायदाही या वृत्तीला फारसा धक्का लावीत नाही. अविभक्त हिंदू कुटुंब हा स्वतंत्र करदाता मानला जातो आणि जैन अविभक्त कुटुंबालाही करआकारणीत तेच स्थान मिळते. अज्ञान अपत्याच्या नावावरील व्याज आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवावे लागते, एवढाच काय तो मुलांचा संबंध. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की तोही संपतो.

अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांना मात्र हे पान फोडावे लागते. तेथे करदाता म्हणजे एकटी व्यक्ती किंवा पतिपत्नी. मुले त्यांच्या विवरणपत्राला ‘डिपेंडंट’ म्हणून, म्हणजे अवलंबित म्हणून, जोडली जातात. लहान मुलांच्या बाबतीत काही प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवतो तो मूल महाविद्यालयात गेल्यावर, अर्धेमुर्धे कमावू लागल्यावर आणि ‘मी आता कोणावर अवलंबून नाही’ असे त्याला वाटू लागल्यावर.

मूळचे इचलकरंजीचे आणि गेली पंचवीस वर्षे न्यू जर्सीत स्थायिक झालेले एक कुटुंब आहे. थोरले बंधू गावी सुताची पेढी सांभाळतात, धाकटे अमेरिकेत नोकरी करतात. त्यांची कन्या तेथेच जन्मलेली, 2024 अखेर बावीस वर्षांची, पदवीच्या शेवटच्या वर्षात. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका कंपनीत उमेदवारी करून आणि नंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करून तिने अकरा हजार डॉलर मिळविले. पुढील फेब्रुवारीत तिने मोबाइलवरूनच आपले विवरणपत्र भरले. त्यात एक प्रश्न असतो: दुसरा कोणी आपणास अवलंबित म्हणून दाखवू शकतो काय? तिने ‘नाही’ असे उत्तर दिले. कापलेला कर परत आला आणि ती निश्चिंत झाली. मार्चमध्ये वडिलांनी आपले विवरणपत्र संगणकावरून पाठविले तेव्हा ते नाकारले जाऊन परत आले. कन्येचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आधीच वापरला गेला होता, आणि त्या क्रमांकाच्या धारकाने आपण कोणावर अवलंबित नाही असे सरकारला कळविले होते.

कन्येच्या उत्तरात लबाडी नव्हती. प्रश्नातील क्रियापद तिच्या नजरेतून सुटले होते. ‘दाखवितो काय’ असा तो प्रश्न नसून ‘दाखवू शकतो काय’ असा आहे. वडिलांनी प्रत्यक्ष दाखविले नाही तरी ते दाखविण्यास पात्र असतील, तर मुलाचे उत्तर ‘होय’ असेच असले पाहिजे. अवलंबित असणे हा मुलाच्या निवडीचा विषय नाही, बापाच्याही नाही. कायद्याच्या कसोट्या लागू पडतात की नाही, एवढेच पाहिले जाते.

त्या कसोट्या ऐकण्यास सोप्या आहेत. नाते हवे. वर्षअखेरीस वय एकोणीसच्या आत हवे, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास चोवीसच्या आत. आणि पूर्णवेळ म्हणजे वर्षातील निदान पाच महिन्यांच्या काही भागात तरी. मूल अर्ध्याहून अधिक वर्ष आईवडिलांबरोबर राहिलेले हवे, मात्र शिक्षणासाठी वसतिगृहात काढलेले दिवस घरीच काढले असे धरतात. विवाहित असल्यास पतिपत्नीचे संयुक्त विवरणपत्र भरलेले नसावे, याला केवळ कापलेला कर परत मिळविण्यापुरता अपवाद आहे. मूल अमेरिकेचे नागरिक किंवा कराच्या दृष्टीने तेथील निवासी हवे; कॅनडा आणि मेक्सिकोच्या निवासींनाही चालते. आणि शेवटची, सर्वांत घोटाळ्याची कसोटी: मुलाने स्वतःच्या चरितार्थाचा अर्ध्याहून अधिक भार स्वतः उचललेला नसावा.

येथे बहुतेक तरुण चुकतात. त्यांना वाटते, कमाई किती हे पाहिले जाते. पाहिले जाते ते हे की स्वतःवर खर्च किती केले. वीस हजार मिळवून सर्व बँकेत ठेवणारा मुलगा या हिशेबात काहीच उचलीत नाही. विद्यार्थ्याला मिळालेली शिष्यवृत्ती कोणाच्याच बाजूला धरत नाहीत. मात्र विद्यार्थ्याने स्वतःच्या नावावर काढलेले कर्ज शिक्षणावर खर्च झाले, तर तो त्याने स्वतः उचललेला भार समजतात. अमेरिकेच्या महसूल खात्याच्या 501 क्रमांकाच्या पुस्तिकेत यासाठी एक तक्ता दिलेला आहे. तो भरला की उत्तर मिळते.

‘‘पप्पा, अकरा हजार मी स्वतः मिळवलेत. लोनही माझ्या नावावर आहे. मी डिपेंडंट कशी?’’ कन्येने फोनवर विचारले. वडिलांना आधी संताप आला होता तो पैशासाठी. तो ओसरल्यावर खरे शल्य निराळेच निघाले. विवरणपत्र भरण्यापूर्वी तिने एका शब्दाने विचारले नव्हते. कन्येचेही शल्य होते. सारा उन्हाळा तिने घरून पैसे घेतले नव्हते आणि त्याची घरात कोणी दखल घेतली नव्हती. वादावर पडदा टाकला तो तिच्या आईने. ‘‘अहो, बोलत काय बसलाय? तक्ता भरा, काय निघेल ते निघेल,’’ असे तिने यजमानांना सांगितले. पेढीवरच्या घरातली सूनच ती!

तक्ता भरावयास बसले आणि गृहस्थ अडले ते निवासाच्या ओळीवर. मूल घरी राहते तेव्हा त्याच्या वाट्याच्या जागेचे बाजारभावाने जे भाडे येईल ते पालकांनी दिलेल्या आधारात धरावयाचे असते. आपल्या मुलीच्या खोलीचे भाडे! त्या खोलीला कधी काळी भाडे असू शकते हा विचारच त्यांना शिवला नव्हता. बराच वेळ ती ओळ रिकामी राहिली. अखेर पत्नीने शेजारच्या वस्तीतील भाडी पाहून आकडा सुचविला आणि त्यांनी तो लिहिला.

शिष्यवृत्ती वगळता शिक्षणशुल्क 13,000 डॉलर, वसतिगृह आणि भोजन 14,000, सुटीतील घरचा निवास व जेवणखाण 4,000, आरोग्यविमा, कपडे आणि प्रवास मिळून 3,000. एकूण 34,000, त्याचे निम्मे 17,000. कन्येच्या बाजूला कर्जाचे 7,500 आणि कमाईतून स्वतःवर खर्चिलेले 4,000, म्हणजे 11,500. उरलेले 22,500 आईवडिलांचे. कन्या अवलंबित ठरली.

आता नुकसान पाहावे. अवलंबित म्हणून नोंद झाली असती तरी तिला आयकर पडला नसता. अवलंबित व्यक्तीची प्रमाणित वजावट 2024 साठी किमान 1,300 डॉलर होती, किंवा श्रमाने मिळविलेले उत्पन्न अधिक 450 डॉलर, यांतील मोठी रक्कम. कमाल मर्यादा 14,600. अकरा हजार त्यात सहज बसतात. म्हणजे ‘नाही’ म्हणून तिला एका सेंटचाही लाभ नव्हता. वडिलांचे मात्र दोन टॅक्स क्रेडिट अडकले. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी मिळणारे अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट म्हणजे शैक्षणिक खर्चाच्या पहिल्या 2,000 डॉलरचे सर्व आणि पुढील 2,000 चे चतुर्थांश, असे कमाल 2,500. संयुक्त विवरणपत्रात उत्पन्न 1,60,000 च्या पुढे गेले की ते घटू लागते आणि 1,80,000 ला संपते. या कुटुंबाचे उत्पन्न त्या मर्यादेच्या आत होते. शिवाय सतरा वर्षांवरील अवलंबितांसाठीचे 500. एकूण तीन हजार डॉलर! शुल्काचा काही भाग कर्जातून भरला असला तरी मूल अवलंबित असेल तर हे क्रेडिट आईवडिलांकडेच जाते.

वडिलांचे उत्पन्न त्या मर्यादेच्या बरेच पुढे असते तर सल्ला वेगळा निघाला असता. अशा घरांत पालकांना क्रेडिट मिळतच नाही. त्यांनी पात्र असूनही मुलाला अवलंबित म्हणून दाखविले नाही, तर मुलाला स्वतःच्या करापुरते ते घेता येते. मुलाचे उत्तर तेव्हाही ‘होय’ असेच राहते. मुलाला कर पडण्याइतके उत्पन्न असेल तरच त्यात अर्थ आहे. मोठ्या पगाराच्या पुष्कळ घरांत हा साधा विचार होत नाही आणि क्रेडिट कोणालाच न मिळता वाया जाते.

इकडे कन्येला दुरुस्ती विवरणपत्र भरावे लागले. त्याचा नमुना 1040-एक्स. वडिलांनी आपले विवरणपत्र 15 एप्रिलच्या आत टपालाने पाठविले. परंतु खरी उलाढाल झाली ती तक्त्यावर. दुरुस्तीचे कारण समजावे म्हणून तो तिला पाठविण्यात आला, आणि आपल्यावर वर्षाला किती खर्च होतो हे तिने जन्मात प्रथमच आकड्यांत पाहिले. घरात ही रक्कम मुलांसमोर कधी उच्चारली जात नव्हती. वडिलांनाही एक ओळ नवीन होती. 7,500 चे कर्ज ते मनात स्वतःचेच धरून चालले होते, कारण फेडणार आपणच. तक्त्याने ते मुलीच्या बाजूला लिहावयास लावले. ‘‘हे माझेच राहू द्या, पप्पा,’’ असे तिने सांगितले. त्यावर त्यांनी काही उत्तर दिले नाही, पण कर्जाच्या फेडीसाठी वेगळी काढलेली रक्कम तूर्त तशीच ठेवली.

‘अवलंबित’ या एकाच शब्दाचे अमेरिकेत इतके अर्थ आहेत की गोंधळ स्वाभाविक आहे. शैक्षणिक साहाय्याच्या सरकारी अर्जात पदवीचा अविवाहित विद्यार्थी सामान्यतः चोवीस वर्षांपर्यंत अवलंबित मानला जातो, मग आईवडिलांनी कराच्या विवरणपत्रात त्याला दाखविलेले असो वा नसो. आरोग्यविम्यात 2010 च्या कायद्यानुसार पालकांच्या पॉलिसीवर सव्विसाव्या वर्षापर्यंत राहता येते. आणि एच-1 व्हिसावर आलेल्यांच्या मुलांचा एच-4 दर्जा तर एकविसाव्या वर्षीच संपतो. तेथेच वाढलेल्या, तेथेच शिकणाऱ्या मुलाला एका वाढदिवशी ‘तू आता अवलंबित नाहीस’ असे सांगितले जाते आणि विद्यार्थी व्हिसा मिळवावा लागतो. कर भरताना तोच मुलगा आणखी तीन वर्षे बापावर अवलंबित असू शकतो. ही विसंगती अनेक घरांनी सोसली आहे.

इचलकरंजी, सांगली, कोल्हापूरकडून थेट शिकावयास गेलेल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. एफ-1 व्हिसावरील विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे बहुधा कराच्या दृष्टीने अनिवासी असतो. त्याने 1040-एनआर हा नमुना आणि जोडीला 8843 भरावयाचा. मित्राचे पाहून निवासींचा नमुना भरणे व शैक्षणिक क्रेडिट मागणे ही नेहमीची चूक आहे, आणि ती पुढे व्हिसाच्या कामी आड येऊ शकते. एक लाभ मात्र खास भारतीयांचा आहे. इतर अनिवासींना सहसा प्रमाणित वजावट मिळत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यातील 1989 च्या करारातील कलम 21 मुळे भारतीय विद्यार्थ्यांना ती मिळते. इकडे वडिलांना अशा मुलासाठी अवलंबित म्हणून काही सवलत नाही. भारतातील संस्थांच्या शिक्षणशुल्कापुरती मिळणारी वजावट परदेशी विद्यापीठाला लागू नाही. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट तेवढी परदेशी शिक्षणालाही चालते, तीही आठ वर्षांपर्यंतच.

त्या वर्षी विवरणपत्र भरताना गृहस्थांनी आणखी एक प्रश्न करसल्लागाराला विचारला होता. इचलकरंजीत त्यांच्या मातोश्री असतात. वय ऐंशीच्या पुढे. घरचे बंधू पाहतात, परंतु औषधपाणी, बाई, डॉक्टर हा सारा खर्च दरमहा न्यू जर्सीहून जातो. त्यांना अवलंबित म्हणून दाखविता येईल काय? उत्तर नकारार्थी होते. मातोश्री अमेरिकेच्या नागरिक नाहीत, निवासीही नाहीत. त्या ग्रीन कार्ड घेऊन तेथे असत्या, त्यांचे स्वतःचे करपात्र उत्पन्न 2024 साठी 5,050 डॉलरच्या आत असते आणि निम्म्याहून अधिक भार मुलाने उचलला असता, तर त्या निराळ्या घरात राहूनही चालले असते. इचलकरंजीतून चालत नाही. कन्येला हे कळल्यावर ती हसून म्हणाली, ‘‘म्हणजे मी नको म्हणते तर मी डिपेंडंट, आणि आजी खरोखर आहे तर ती नाही!’’ आजीच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा, ‘‘मी कशाला कुणावर अवलंबून? दोन मुलगे आहेत माझे,’’ असे त्यांनी ठणकावले.

मे 2025 मध्ये कन्या पदवीधर झाली. जानेवारी ते मे हे पाच महिने झाल्याने पूर्णवेळ विद्यार्थी असण्याची अट त्या वर्षीही पूर्ण झाली, आणि वयही चोवीसच्या आतच. परंतु जूनच्या पहिल्या आठवड्यात ती नोकरीसाठी बोस्टनला गेली आणि स्वतःचे घर भाड्याने घेतले. शिक्षणासाठीची अनुपस्थिती ती नव्हे. त्यामुळे अर्ध्याहून अधिक वर्ष घरी राहण्याची अट तुटली. जुलैपर्यंत येथेच राहा, असे वडिलांनी सुचविले होते. ते करासाठी नव्हते, हे घरातील सर्वांना ठाऊक होते. पुढील फेब्रुवारीत विवरणपत्र भरण्यापूर्वी तिने फोन केला आणि त्या प्रश्नाचे उत्तर आता काय द्यावयाचे, असे विचारले. वडिलांनी तक्ता पुन्हा एकदा काढला, सर्व ओळी भरल्या आणि तिला ‘नाही’ असे लिहावयास सांगितले.