उताणी वाटी, पालथी वाटी

माणसाने आयुष्यात थाप मारायला माझी हरकत नाही. पण ती आकड्यात मारू नये. शब्द विसरले जातात, आकडा लक्षात राहतो.

खरं म्हणजे ही थाप मी मारलीच नव्हती, मामांनी मारली. १९७६ साली मुलगी बघायला गेलो असताना मुलीच्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मॅट्रिकला गणितात किती होते?" मी घसा खाकरेपर्यंत मामा म्हणाले, "ब्याऐंशी!" आणि त्यांनी पोह्यांची दुसरी बशी पुढे ओढली. परतताना मी मामांना जाब विचारला. "अरे, आकडे तुझेच आहेत," मामा म्हणाले, "मी फक्त त्यांच्या जागा बदलल्या."

१९६७ सालच्या मार्चमध्ये मला गणितात २८ मिळाले होते. ऑक्टोबरच्या वारीला ३८ पडले आणि पांडुरंग पावला, पण ते असो. लग्न झालं, आणि ते ब्याऐंशी मार्क आहेरात आलेल्या पितळी घागरीसारखे घरात कायमचे राहिले. दुधाचा हिशेब, वाण्याची यादी, चिरंजिवांचे पाढे, सगळं माझ्याकडे. सोसायटीने तर दोन वर्षं मला खजिनदार केलं होतं. त्या दोन वर्षांत माझं वजन सहा किलोंनी उतरलं.

त्या अठ्ठाविसांच्या मुळाशी एक आलेख होता. सरळ रेषेच्या आलेखाशी माझं वैर नव्हतं. तो सज्जन माणसासारखा असतो. दोन ठिकाणी भेटला की पुढे कुठे जाणार ते कळतं. पण एके दिवशी सरांनी फळ्यावर 'य बरोबर क्ष वर्ग' लिहिलं आणि आम्हाला आलेख कागदावर ते काढायला सांगितलं. मी काढलं. उजवी बाजू नीट वर गेली, डावी बाजू मात्र खाली घसरत पाताळात पोचली. शिवाय मी सगळे बिंदू पट्टीने जोडले होते. सरांनी कागद वर्गाला दाखवला. "हा आलेख आहे की हत्तीची सोंड?" वर्ग हसला. कागदावर तांबडी फुली बसली. काय चुकलं ते सरांनी सांगितलं नाही, आणि विचारण्याची छाती मला झाली नाही. त्यानंतर आलेखाचा प्रश्न दिसला की मी तो न वाचताच सोडून देई.

माझे वडील बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. मी इंजिनियर व्हावं म्हणून त्यांनी आपली ड्रॉइंगची पेटी माझ्या मॅट्रिकच्या वर्षी माळ्यावरून खाली काढून, आतली हत्यारं पुसून ठेवली होती. निकालाच्या दिवशी ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पेटी पुन्हा माळ्यावर गेली. मी कॉमर्सला गेलो आणि पुढे एका कचेरीला चिकटलो.

तर परवा शनिवारी दहावीतली आमची नात वही घेऊन आली. डोळे लाल. सोमवारी चाचणी, क्लासचे सर कुठल्याशा लग्नाला गेलेले, आईवडील दोघंही कंपनीच्या मीटिंगमध्ये. "आजोबा, मला क्वाड्रॅटिकचा ग्राफ शिकवा. तुम्हाला ब्याऐंशी होते ना? नाहीतर मी अकरावीला मॅथ्स सोडूनच देणार आहे. मला ते येणारच नाही."

शेवटचं वाक्य मी कुठे तरी ऐकलं होतं. ते माझंच होतं.

"आत्ता नको गं, डोळे दमलेत. उद्या सकाळी बसू," असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि रात्री सगळे निजल्यावर तिचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसलो. आमच्या वेळी ज्याला अन्वस्त म्हणत, तो आता पॅराबोला झाला होता. नाव बदलूनही दरारा तोच. पुस्तकात एक उताणी वाटी काढली होती. मी तक्ता करून बिंदू मांडले. उजवीकडे वाटी जमली. डावीकडे सोंड!

पहिल्यांदा वाटलं, पुस्तकात छपाईची चूक असावी. पण दुसऱ्या पानावरही वाटीच. मग मी हिशेब एकेक पायरीने, पेन्शनीचा फरक तपासावा तसा तपासला. उणे तीनचा वर्ग मी उणे नऊ लिहिला होता. वर्ग म्हणजे त्या संख्येला तिनेच गुणायचं. उणे तीन गुणिले उणे तीन. आणि उणे गुणिले उणे म्हणजे अधिक. नऊ! अधिक नऊ! तीनचेही नऊ आणि उणे तीनचेही नऊ. म्हणून तर वाटीचे दोन्ही काठ सारख्या उंचीवर. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी, रात्री सव्वा वाजता, फ्रीजच्या घरघरीत मला माझी चूक कळली. एवढीच होती हो! अधिक-उणेची. मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो.

मग झोप कसली येते! पट्टी हवी म्हणून स्टुलावर चढून वडिलांची पेटी काढली. बिंदू जवळजवळ घेऊन पाहिले, तेव्हा पट्टीने जोडणंही का चुकतं ते कळलं. शून्यापासून एकेक पाऊल पुढे टाकलं की वाटी आधी १ ने चढते, मग ३ ने, मग ५ ने, मग ७ ने. चढण दर पावलाला वाढत जाते. तिथे सरळ रेषेला जागाच नाही. वर्गापुढचा सहगुणक मोठा केला की वाटीचं फुलपात्र होतं, लहान केला की परात. तो उणे केला की वाटी पालथी. शेवटचा सुटा आकडा सबंध वाटी उचलून वर-खाली ठेवतो. मधला मात्र बेरकी. तो वाटीला आडवं सरकवतो आणि त्याच वेळी खालीवरही करतो. शिवाय उताणी वाटी त्याला अधिक म्हटलं की डावीकडे जाते, उणे म्हटलं की उजवीकडे. आम्ही तिघे भाऊ, त्यातला मी मधला. त्यामुळे मला त्याचा स्वभाव लगेच समजला.

कपाटात भास्कराचार्यांवरचं एक जुनं पुस्तक होतं, तेही काढलं. १११४ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात माकडांचं एक उदाहरण घातलं आहे. टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जेवढी येतील तेवढी माकडं रानात बागडताहेत, उरलेली १२ टेकडीवर कलकलाट करताहेत; तर माकडं एकूण किती? उत्तरं दोन, १६ किंवा ४८, आणि दोन्ही बरोबर! सोळाचा आठवा भाग दोन, त्याचा वर्ग चार, अधिक बारा, सोळा. अठ्ठेचाळीसचा सहा, वर्ग छत्तीस, अधिक बारा, अठ्ठेचाळीस. एका प्रश्नाला दोन खरी उत्तरं कशी, हे मला जन्मात पटलं नसतं. पण रानातली अधिक टेकडीवरची वजा सगळी टोळी, असा आलेख काढला आणि दिसलंच. वाटी जमिनीत रुतलेली आहे. जमीन तिला १६ वर एकदा आणि ४८ वर एकदा छेदते, आणि तळ बरोबर दोहोंच्या मध्ये, ३२ वर. वाटी उचलून तळ जमिनीला नुसता टेकवला की उत्तर एकच, आणखी उचलली की एकही नाही. तळाशी हिशेब करून पाहिला. बत्तीसचा आठवा भाग चार, वर्ग सोळा, अधिक बारा, २८. चार माकडं बेपत्ता, आणि शिल्लक २८! हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. आजोबा असावेत तर असे!

सकाळी गॅलरीत उभा होतो. पेपरवाल्याने खालून गुंडाळी भिरकावली. ती वर चढली, क्षणभर रेंगाळली आणि वळून माझ्या पायाशी पडली. पालथी वाटी! इतकी वर्षं हा मुलगा मला रोज आलेख टाकत होता आणि मी फक्त बातम्या वाचत होतो.

नात वही घेऊन बसली. मी पान उलटलं आणि गार झालो. तिच्या वहीत १९६७ सालची माझी सोंड होती. तीच. डावी बाजू पाताळात.

"उणे तीनचा वर्ग किती गं?"

"मायनस नाइन. कॅल्क्युलेटरवर करून बघितलंय मी!" तिने बटणं दाबून दाखवलं. यंत्र खरोखरच उणे नऊ म्हणत होतं. मी पुन्हा गार. पण रात्रीचा अभ्यास कामी आला.

"त्याने आधी तीनचा वर्ग केला आणि मग उणे लावलं. उणे तीनला कंस घाल बघू."

कंस घातला. नऊ आले. कृष्णाला कंस असल्याचा त्रास झाला, आम्हाला नसल्याचा.

तिने खोडरबर घेतला, डावी बाजू पुसली आणि बिंदू वर नेले. वाटी पुरी झाली तसे तिचे डोळे गोल झाले. "एवढंच? आजोबा, तुम्हाला एका सेकंदात कसं कळलं माझं काय चुकलं ते?"

ब्याऐंशीवाल्याला शोभेल असं उत्तर जिभेवर आलं होतं. पण टेबलावर ती पेटी उघडी होती.

"कारण माझंही हेच चुकलं होतं," मी म्हणालो, "आणि मला ब्याऐंशी नव्हते. अठ्ठावीस होते."

नात आधी हसली, मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि "दुसरा देा ना," म्हणून पेन्सिल पुढे केली. स्वयंपाकघरातला फोडणीचा आवाज मात्र थांबला. सौ. झारा हातात घेऊन दारात उभी होती.

"म्हणजे दुधाचा हिशेब इतकी वर्षं मी अठ्ठावीसवाल्याकडून तपासून घेत होते?"

मी काही बोललो नाही. तिने गॅस बारीक केला, चष्मा लावला आणि भिंतीवरचं दुधाचं कॅलेंडर खाली काढलं.