थोपटायचं, चोळायचं नाही

शीट मास्क पहिल्यांदा चेहऱ्यावर चढवला, तेव्हा आई देवघरातून मान बाहेर काढून म्हणाली, "अगं बाई, भाजलं की काय तुला?" तिचं वय ८३. मला बोलून उत्तर देता येईना, कारण ओठ हलवले की तो ओला कागद हनुवटीवरून घसरत होता. डोळ्यांसाठी कापलेली भोकं माझ्या डोळ्यांहून मोठी, नाकाची पट्टी भलतीकडेच आणि गार, चिकट पाणी मानेवरून ब्लाउजात उतरतंय. मी हातानेच 'काही नाही' अशी खूण केली. तिने बेसिनवर पडलेलं पाकीट उचललं, लांब धरून चष्म्यातून बघितलं. त्यावर भाताच्या लोंब्या काढल्या होत्या. "तांदळाचं धुवण लावून बसलीस होय?" असं म्हणून ती परत देवघरात गेली.

सातारला आमच्या घरी तांदळाचं धुवण जायचं ते परसातल्या कढीलिंबाच्या बुंध्याशी. तोंडाला ते लावायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. तोंडाला डाळीचं पीठ. रविवारी सकाळी बंब पेटायचा, न्हाणीघरात धूर कोंडायचा आणि आई पितळी वाटी घेऊन पाटासमोर उभी राहायची. वाटीत डाळीचं पीठ, त्यात दुधावरची साय आणि चिमूटभर हळद. साय किती, हे घरात त्या आठवड्यात तूप कढवायचं आहे की नाही यावर ठरायचं. मग तिच्या हाताखाली आमचे चेहरे यायचे. चोळणं म्हणजे चोळणं. कपाळापासून मानेपर्यंत, कानांच्या मागे, नाकाच्या कडेला अंगठ्याने दाब देऊन. बांगड्या कानाशी वाजत असायच्या. पीठ वाळायला लागलं की त्याच्या बारीक काळपट वळ्या निघायच्या आणि आई विजयी मुद्रेने म्हणायची, "बघ, किती मळ होता!" त्यातलं निम्मं पीठच होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

माझ्या भाचीला हा इतिहास ठाऊक नव्हता. टाळेबंदीत मी कोरियन मालिका बघायला लागले. त्यातल्या बायका रडताना, भांडताना, अगदी हॉस्पिटलच्या खाटेवरसुद्धा तुकतुकीत कशा दिसतात, असं मी सहज तिच्याजवळ बोलले. पुढच्या वाढदिवसाला तिने एक डबाच आणून दिला. तेलकट क्लेन्झर, मग फेसाचा फेसवॉश, टोनर, इसेन्स, सीरम, क्रीम, सनस्क्रीन. मधल्या एका बाटलीत गोगलगाईच्या अंगाचा चिकट स्राव होता. मालवणात भिंतीवर गोगलगाय दिसली की मीठ घेऊन धावणाऱ्या माझ्या मावशीला हे सांगायला हवं होतं. भाचीने क्रम समजावला: पातळ आधी, दाट नंतर. आणि मी सवयीने गाल खसखसा चोळायला लागले, तशी तिने माझा हातच धरला. "मावशी, थोपटायचं. चोळायचं नाही."

थोपटायचं असतं ते बाळाला, एवढंच मला ठाऊक होतं. छप्पन्न वर्षांच्या बाईने रात्री आरशासमोर उभं राहून स्वतःचेच गाल थोपटायचे, हे पचायला चार दिवस गेले.

मग कुतूहलाने वाचत गेले, तर एकेक ओळखीचंच निघायला लागलं. जोसन राजवटीत कोरियातल्या बायका मुगासारखी कडधान्यं बारीक दळून त्या पिठाने तोंड धुवायच्या. त्या पिठाला 'जोदू' म्हणत. घोसाळ्याच्या वेलातून निघालेलं पाणी त्या चेहऱ्याला लावायच्या. आज ज्याला टोनर म्हणतात, त्याची ही जुनी आवृत्ती. १८०९ साली यी बिंगहोगाक नावाच्या विदुषीने घरसंसाराच्या सगळ्या विद्या एकत्र करणारा 'ग्युहाप चोंगसो' हा ग्रंथ लिहिला. हिवाळ्यात फुटणाऱ्या चेहऱ्यावरचा उपाय त्यात आहे: तीन अंडी दारूत बुडवायची, तोंड घट्ट बांधून चार आठवडे ठेवायची आणि मग ते लावायचं. आमच्याकडे थंडीवर कोकमाचं तेल होतं. मालवणहून मावशी पांढरा, टणक गोळा पाठवायची. पळीत तुकडा घेऊन दिव्यावर धरला की तो पातळ व्हायचा, आणि फुटलेल्या ओठांवर लावेपर्यंत परत गोठायला लागायचा. त्याला वास असा नव्हताच. मला मात्र अजून पळी तापल्याचा वास आला की ओठ ताणल्यासारखे वाटतात.

डब्यातल्या क्रीमवर ज्या 'सिका'चा एवढा डांगोरा पिटला होता, ती वनस्पती म्हणजे आपली मंडूकपर्णी. पुष्कळ घरांत तिलाच ब्राह्मी म्हणतात. ओलसर जागी पसरणारी, गोल पानांची. कोरियात तिच्या अर्काचं 'मडेकासॉल' नावाचं मलम घराघरात असतं. मुलांचे गुडघे फुटले की तेच लावतात. म्हणजे त्यांचं कैलास जीवन. फरक एवढाच की आमचं कैलास जीवन भाजणं, भेगा, मूळव्याध, डोकेदुखी, सगळ्यावर एकाच डबीतून चालायचं.

सगळ्यात मजा आली ती आमच्या फ्रीजची. शीट मास्क गार करून लावला तर बरा वाटतो म्हणून मी पाकिटं दाराच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी ठेवते. फ्रीज एलजीचा. रांजणगावला त्यांचा कारखाना आहे, त्यामुळे पुणेकरांना ही कंपनी घरचीच वाटते. तर ही कंपनी सुरू झाली १९४७ साली, तोंडाला लावायच्या क्रीमपासून. 'लकी' नावाचं क्रीम. त्याच्या बरण्यांची झाकणं सारखी फुटायची, म्हणून मालकांनी प्लास्टिकचा धंदा काढला, मग फण्या आणि टूथब्रश काढले, मग १९५८ मध्ये 'गोल्डस्टार' काढून रेडिओ, आणि १९६५ मध्ये कोरियातला पहिला फ्रीज. लकी आणि गोल्डस्टार मिळून एलजी. क्रीमच्या झाकणापासून निघालेला फ्रीज आता क्रीमच गार करतोय.

त्याच सुमाराला कोरियात गल्लोगल्ली एक फेरीवाला यायचा. ढोल वाजवत यायचा, मोठ्या डब्यातलं क्रीम काढून बायकांच्या छोट्या डब्यांत सुटं द्यायचा. ढोलाच्या आवाजावरून त्या क्रीमला नावच पडलं 'दोंगदोंग गुरिमू'. गुरिमू म्हणजे क्रीम, जपानी उच्चारातून आलेलं. १९६४ पासून त्याची जागा घरोघर जाणाऱ्या विक्रेत्या बायकांनी घेतली. आजच्या अमोरेपॅसिफिक कंपनीची ती पद्धत. सुटं क्रीम ही कल्पना वाचून मला आमच्या गल्लीतला कासार आठवला. तो क्रीम विकायचा नाही, पण त्याच्या पेटीभोवती आळीतल्या बायका जशा बसायच्या, तशाच त्या कोरियन बायका ढोलाभोवती बसल्या असतील, हे मला स्वच्छ दिसलं.

पण जुनं ते सगळंच सोनं नसतं, कधी शिसं असतं. १९१६ पासून कोरियात 'पाकगाबुन' नावाची पावडर धडाक्याने खपली. चेहरा पांढराशुभ्र दिसायचा, कारण तिच्यात शिसं होतं. बायकांची कातडी खराब झाली, बोभाटा झाला आणि १९३०च्या दशकात ती बाजारातून गेली. आमच्याकडेही लिंबाची फोड होतीच. गालावर चोळून उन्हात गेलं की जागच्या जागी काळे डाग. तरी दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी फोड चोळायचंच, कारण लिंबाने रंग उजळतो!

रंग. त्या पितळी वाटीच्या तळाशी खरं तर तोच होता. मी सावळी. धाकटी बहीण उजळ. तिच्या तोंडाला पीठ एकदा लागायचं, माझ्या तोंडाला दोनदा. पुढे घरात गोरेपणाची ट्यूब आली, ती फडताळात वरच्या कप्प्यात असायची आणि मुलगी बघायला कुणी येणार असलं की खाली यायची. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य मी पोह्यांच्या ताटल्यांवरून इतक्यांदा ऐकलंय की त्यातला 'पण' मला पोह्यांतल्या खड्यासारखा लागतो. आणि गंमत बघा, एरवी आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभं राहिलं की "आरसा झिजेल" म्हणून हाक यायची. आपला चेहरा आपण बघायचा नाही, दुसऱ्याला दाखवण्यापुरता घासूनपुसून ठेवायचा. तांब्यासारखा.

म्हणून त्या रविवारांची मला ओढ आहे ती आईच्या हाताची, धुराची, बंबाच्या ऊन पाण्याची. पिठाची नाही. कोरियन बाटल्यांवरही 'ब्राइटनिंग' लिहिलेलं असतं, तिथेही गोऱ्या कातडीचं कौतुक जुनं आहे, हे न कळण्याइतकी मी भाबडी नाही. ते लिहिलेल्या बाटल्या मी भाचीला परत केल्या.

नाही तरी दीड महिन्यात माझी फजिती झालीच होती. सगळं एकदम सुरू केलं. कातडी सोलणारं आम्ल, सीरम, गोगलगाय, एकावर एक. एप्रिलचं पुणं, वर पंखा, आणि चेहऱ्यावर सात थर. सोलमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली जातो, हवा कोरडीठक्क असते. तिथे थरांवर थर हवेच असतील. इथे दुपारपर्यंत त्या थरांचा चिखल झाला. गाल लाल, हनुवटीवर पुरळ. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी डबा बघितला आणि म्हणाल्या, "तीन गोष्टी ठेवा. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बाकी नवीन काही लावायचं तर आधी कानामागे लावून चार दिवस थांबा." कानामागे! आईचा अंगठा जिथे सगळ्यात जोरात फिरायचा, तिथे.

सनस्क्रीनवर मात्र मी फिदा आहे. आमच्या वेळी ऊन अडवायला छत्री आणि पदर; पुढे पुण्यात स्कूटरवाल्या मुलींनी डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळायला सुरुवात केली. चाळिशीत माझ्या गालांवर वांग आले, तेव्हा बायकांनी जायफळ उगाळून लावायला सांगितलं. वर्षभर उगाळलं. सहाण झिजली, वांग जागेवर. वांगाला ऊन खतपाणी घालतं, हे कुणी बोललंच नाही. आता एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीइतकं, रोज. माझ्या सावळ्या कातडीवर पांढरी राख न फासता जिरून जातं. वांग गेले नाहीत, फिके झालेत.

रात्री दहा मिनिटं मी दार लावून घेते. तोंड धुते, क्रीम घेते, थोपटते. कुणी येणार नसतं. उद्या पोहेही नसतात.

परवा उरलेला शेवटचा मास्क मी आईला लावला. तिने चष्मा काढला, कुडी सांभाळली, पलंगावर उताणी झाली. "किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"एवढा वेळ नुसतं पडून राहायचं?" मिनिटाने म्हणाली, "कुकर लावलायस का?" अजून मिनिटाने, "दार वाजलं वाटतं." मग बराच वेळ काही नाही. बघितलं तर झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत गेले, तर ते पाकीट तळाशी राहिलेल्या पाण्यासकट कढीलिंबाच्या कुंडीत पालथं घातलेलं.