कुठेतरी पाणी मुरतंय

अंतराळस्थानकात पाणी सांडत नाही. ते नळीच्या तोंडाशी गोळा होऊन राहतं, भिंतीला चिकटतं, कापडात पसरतं आणि चुकून गालाला लागलं तर सरकत सरकत डोळ्यापर्यंत जातं. तिथे उतार नाही आणि तळही नाही. त्यामुळे इथल्या प्लंबरला जे फुकट मिळतं, ते तिथे यंत्र लावून मिळवावं लागतं. हवेतून पाणी वेगळं काढायलासुद्धा फिरतं पिंप लागतं. ह्यूस्टनमध्ये माझी नोकरी याच कामाची: माणसाला वर जिवंत ठेवणाऱ्या यंत्रणांमधली पाण्याची बाजू. रॉकेटशी माझा संबंध टीव्हीवर उड्डाण पाहण्यापुरता. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे कळलं की त्यांचा जरा हिरमोड होतो. मग कोणीतरी हळूच विचारतं, "ते लोक लघवीचंच पाणी पितात म्हणे, खरं का?"

खरं आहे. आणि मला विचाराल तर अख्ख्या स्थानकातली तीच सर्वांत रंजक गोष्ट.

पिणं, जेवण, दात घासणं, अंग पुसणं असं सगळं धरून एका माणसाला दिवसाला पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागतं. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर वर. नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत माणसं राहताहेत. सुरुवातीची वर्षं निभावली, कारण स्पेस शटलच्या फ्यूएल सेलमध्ये वीज तयार होताना पाणीही तयार व्हायचं आणि ते पिशव्या भरून स्थानकावर उतरवलं जायचं. पण शटल कधीतरी थांबणारच होतं. २०११ साली थांबलंच. त्याआधी, नोव्हेंबर २००८ मध्ये, 'एंडेव्हर' शटलमधून पाणी शुद्ध करणारी यंत्रणा वर गेली.

तिच्यातला लघवीचा भाग असा चालतो: आधी लघवीत आम्ल आणि एक तीव्र रसायन मिसळतात, म्हणजे ती सडत नाही आणि नळ्यांमध्ये काही वाढत नाही. मग ती एका फिरत्या पिंपात जाते. पिंप फिरल्यामुळे द्रव भिंतीवर पातळ थरासारखा पसरतो, आतला दाब कमी ठेवलेला असल्यामुळे कमी तापमानालाच त्याची वाफ होते, आणि वाफेचं पाणी पुढच्या शुद्धीकरणाला जातं. लघवीतलं ८५ टक्के पाणी परत मिळवायचं असं ठरलं होतं. जमिनीवरच्या चाचण्यांत ते मिळतही होतं.

वर गेल्यावर वर्षभरातच पिंप तुंबलं. आत सापडलं कॅल्शियम सल्फेट. हाड मोडल्यावर ज्याचं प्लास्टर घालतात, तेच. कारण शोधताना गाडी थेट हाडांवरच आली. वजनरहित अवस्थेत हाडांवर भार पडत नाही, शरीर त्यांतलं कॅल्शियम सोडून देतं (मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात महिन्याला एक-दीड टक्का घट होते) आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. मिसळलं जाणारं आम्ल सल्फ्युरिक. त्यातलं सल्फेट, हाडांतलं कॅल्शियम. पाणी काढून घेत घेत द्रव दाट झाला की दोघांचा खडा जमणारच. जमिनीवरच्या चाचण्या जमिनीवरच्या माणसांच्या लघवीवर झाल्या होत्या, आणि त्यांची हाडं ठणठणीत होती.

यंत्र ठरवल्याप्रमाणेच चालत होतं, हे मला या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं. रेखाचित्रात चूक नव्हती, जोडणीत नव्हती. यंत्राला जोडलेला माणूस वर जाऊन बदलला होता. काही काळ पाणी कमी काढण्यावर, सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांवर, समाधान मानावं लागलं. पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आम्ल आलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. उरलेल्या दाट गाळातूनही पाणी काढणारं उपकरण नंतर जोडलं गेलं, आणि २०२३ साली स्थानकाच्या अमेरिकी भागातलं एकूण ९८ टक्के पाणी परत मिळू लागलं. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी आधी शरीरविज्ञानाचं एखादं पुस्तक वाचायला सांगतो. त्यांना ते आवडत नाही. ती थ्रस्टरसाठी आलेली असतात.

आमच्या कामाचे दोन भाग आहेत आणि दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. डिझाइनवाल्यांना वाटतं, यंत्र बनलं की काम संपलं. ऑपरेशन्सवाल्यांचं काम तिथून सुरू होतं. मिशन कंट्रोलच्या टीव्हीवर दिसणाऱ्या खोलीत प्रत्येक यंत्रणेसाठी एक माणूस चोवीस तास बसतो. पाणी, हवा आणि तापमान पाहणाऱ्या जागेचं नाव 'इथॉस'. त्यांच्या मदतीला दुसऱ्या एका खोलीत आमच्यासारखे इंजिनियर असतात. कानात एकाच वेळी चार-पाच संभाषणं चालू, समोर आकडे. बिघाड झाला तर काय करायचं हे आयत्या वेळी ठरवत नाहीत. ते 'फ्लाइट रूल्स'च्या जाडजूड पोथीत आधीच, डोकी थंड असताना, वाद घालून लिहून ठेवलेलं असतं. आणि तरीही काही गोष्टी पोथीत सापडत नाहीत.

१६ जुलै २०१३. इटलीचा अंतराळवीर लुका परमितानो आणि अमेरिकेचा ख्रिस कॅसिडी स्पेसवॉकला बाहेर पडले. पाऊण तासाच्या आसपास लुकाने सांगितलं की डोक्याच्या मागे ओलं लागतंय. सुरुवातीला चर्चा झाली ती पिण्याच्या पिशवीची. सूटमध्ये छातीपाशी पाण्याची पिशवी असते, ती गळली असेल. पण पाणी वाढतच गेलं, आणि स्पेसवॉक आटोपता घेण्याचा आदेश सुटला. परतताना लुकाचे डोळे, कान आणि नाक पाण्याखाली गेले. त्यातच सूर्यास्त झाला; तिथे दिवसात सोळा वेळा होतो. दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, नाकाने श्वास घेता येत नाही, अशा अवस्थेत तो कमरेला बांधलेल्या दोरीच्या ओढीवरून अंदाज घेत दारापर्यंत पोहोचला. हेल्मेटमध्ये लिटर-दीड लिटर पाणी होतं. वजनरहित अवस्था नसती तर ते पायांत उतरलं असतं आणि नुसते मोजे भिजले असते.

हे पाणी सूट थंड ठेवण्याचं. आतल्या कपड्यांत सुमारे ९० मीटर बारीक नळ्या शिवलेल्या असतात, त्यांतून ते फिरतं. श्वासाचा आणि घामाचा दमटपणा हवेतून काढायला पाठीवरच्या पेटीत एक छोटं फिरतं पिंप असतं; पंखा, पंप आणि ते एकाच दांड्यावर. त्या पिंपाची बारीक भोकं सिलिकाने बुजली. पाणी पुढे जाईना, म्हणून ते हवेच्या वाटेत शिरलं. आणि ती वाट हेल्मेटमध्ये उघडते ती नेमकी डोक्याच्या मागे.

चौकशीचा अहवाल जाहीर झाला आहे, कोणालाही वाचता येतो. त्यातलं सिलिकाचं प्रकरण माझ्या दृष्टीने दुय्यम. आधीच्या आठवड्यात, ९ जुलैला, त्याच सूटमध्ये स्पेसवॉकनंतर पाणी सापडलं होतं. तेव्हाही पिशवीवर खापर फोडलं गेलं आणि विषय मिटला. पिशव्या गळतात हे सगळ्यांना 'माहीत' होतं, हेल्मेटमध्ये थोडं पाणी असतंच असंही. कोणी आळशी नव्हतं, बेफिकीर नव्हतं. पुढच्या स्पेसवॉकची तयारी डोक्यावर होती आणि एक पटण्याजोगं उत्तर हाताशी होतं. मला या धंद्यात बिघाडापेक्षा पटण्याजोग्या उत्तराची जास्त भीती वाटते. बिघाड निदान आकड्यांत दिसतो.

पुढचा उपाय मात्र अगदी साधा झाला. हेल्मेटच्या मागच्या भागात पाणी शोषणारी गादी आली, आणि हेल्मेटमधून कमरेपर्यंत जाणारी एक प्लास्टिकची नळी, म्हणजे पाणी भरलंच तर खालच्या भागातली हवा तोंडाने ओढता यावी. आजही स्पेसवॉकच्या वेळी मधूनमधून डोकं मागे दाबून पाहायचं असतं, गादी पचपचीत लागते का ते. त्या सूटची मूळ रचना १९७० च्या दशकातली; त्याचा सर्वांत भरवशाचा सेन्सर अजूनही मान आहे.

२३ मार्च २०२२ ला पुन्हा तसंच झालं. मथियास माउरर या जर्मन अंतराळवीराच्या हेल्मेटमध्ये पाणी दिसलं, पातळ थरापुरतं. या वेळी नेहमीचे अमेरिकी स्पेसवॉक थांबवले गेले. सूट पृथ्वीवर आणून उकलला, पाण्याचे नमुने तपासले. ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष आला: सूटमध्ये बिघाड नव्हता. अंगमेहनत जास्त झाली होती आणि थंडाव्याची मात्रा त्याच्याशी जुळली नव्हती, त्यातून दमटपणा साचला असावा. म्हणजे घाम आणि बाष्प, सोप्यातलं सोपं उत्तर, या खेपेला बरोबर निघालं. एवढ्यासाठी इतके महिने घालवायचे होते का, असं तेव्हा बरेच जण पुटपुटले. माझं मत विचारलंत तर, होय.

आता भारतातून मुलं पत्रं लिहितात, गगनयान या माणसं नेणाऱ्या भारतीय मोहिमेमुळे. आराखड्याप्रमाणे तीन माणसं, ४०० किलोमीटर उंची, तीन दिवस. इतक्या छोट्या मुक्कामाला पाणी परत मिळवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. भरून न्यावं, वापरावं, परत यावं. ते योग्यच आहे. खरी मजा पुढे. २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळस्थानक उभारायचं भारताने ठरवलं आहे, आणि तिथे लघवीचं पिंप लागणार. आमची रसायनं जशीच्या तशी उचलून चालेल की नाही, सांगता येत नाही. पाणी किती पितात, आहारात मीठ किती, दूध किती, कॅल्शियमच्या गोळ्या कोणत्या, व्यायाम किती, या सगळ्याचा त्या पिंपाशी संबंध आहे. कोणाला त्यात काम करायचं असेल तर त्याने वर जाणाऱ्यांच्या जेवणाचा तक्ता आत्ताच मागून घ्यावा.