वांगछूच्या काठावरचा हिशोब

सीमाभागात राहणाऱ्याला सीमेचे कसले अप्रूप? निपाणी-कागल रस्त्यावर राज्य कधी बदलले, हे दुकानांच्या पाट्यांवरून कळते, एवढेच. पण गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता भूतानला गेलो आणि जयगावच्या वेशीवर मी थबकलो. अलीकडे बंगालचे गजबजलेले गाव, रिक्षांचे भोंगे. पलीकडे फुंत्शोलिंगमध्ये वाहने पायी चालणाऱ्यासाठी थांबतात. हिंदी तिथेही चालते, आपला रुपयाही चालतो. बदलतो तो फक्त आवाज.

थिंफूचा रस्ता घाटाचा. धुके इतके की आमच्या सौभाग्यवतींना आंबोलीची आठवण झाली. मध्येच चालकाने गाडी थांबवली. खाली दरीत वांगछू नदीवर ताला प्रकल्पाचे धरण दिसत होते. "साहेब, इथली वीज तुमच्याकडे जाते," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अभिमान होता.

त्याचे म्हणणे खरेच आहे. याच नदीवर वरच्या अंगाला 336 मेगावॅटचा चुखा प्रकल्प 1986 ते 88 या काळात सुरू झाला. पैसा भारताचा, त्यातले साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज. भूतानला पुरून उरलेली वीज भारताने घ्यायची, असा करार. पुढे 2006-07 मध्ये 1020 मेगावॅटचा ताला आला. या विजेच्या उत्पन्नाचा भूतानच्या तिजोरीला मोठा आधार आहे. त्या देशात शाळा आणि दवाखाना सरकारी खर्चाने चालतो, त्यामागे या नदीचेही पाणी आहे.

2008 च्या भूतानच्या राज्यघटनेत पहिल्याच कलमात लिहिले आहे, की खनिजे, नद्या, तळी आणि जंगले ही राज्याची मालमत्ता आहे. लहान देशाने हे ठासून लिहावे, यात नवल नाही. पण नुसत्या मालकीने भागते का? याचे उत्तर मला पारोच्या एका स्वयंपाकघरात मिळाले.

आम्ही एका कुटुंबात उतरलो होतो. घरच्या आजी विजेच्या कुकरवर भात लावत होत्या आणि गॅसवर एमा दात्शी, म्हणजे मिरच्या आणि चीजची भाजी, शिजत होती. वीज त्यांची, सिलिंडर भारतातून आलेला. मी गमतीने तसे म्हणालो. आजी हसल्या नाहीत. त्यांच्या सुनेने हिंदीत सांगितले, "2013 च्या जुलैमध्ये निवडणूक तोंडावर असताना भारताने गॅस आणि रॉकेलची सवलत बंद केली. महिन्याचे गणितच कोलमडले." पुढे ऑगस्टमध्ये सवलत पुन्हा सुरू झाली. पण आजींच्या लक्षात राहिला तो जुलैच. दिल्लीने त्यामागचे कारण तांत्रिक सांगितले होते. तिथल्या अनेकांनी मात्र त्याचा अर्थ वेगळा लावला. भारतीय म्हणून मला काय बोलावे सुचेना.

आणखी एक गोष्ट आहे. हिवाळ्यात हिमालयातल्या नद्या आटतात आणि वीज विकणारा हाच देश थंडीत भारताकडून वीज विकत घेतो. पावसाळ्यात विक्रेता, हिवाळ्यात गिऱ्हाईक. शिवाय विकायला बाजार एकच, आपला. कर्जाचे प्रमाणही वाढत गेले. 2019 मध्ये सुरू झालेल्या 720 मेगावॅटच्या मांगदेछू प्रकल्पात अनुदान तीस टक्क्यांवर आले आणि कर्ज सत्तर टक्क्यांवर गेले. पुनात्सांगछूच्या पहिल्या प्रकल्पाचे काम 2008 मध्ये सुरू झाले, पण धरणाजवळचा डोंगर 2013 मध्ये सरकला आणि तो अजून पुरा झालेला नाही. काम रखडले म्हणून व्याज थोडेच थांबते?

म्हणून भारत वाईट, असे मी म्हणणार नाही. त्या दुर्गम दऱ्यांत धरण बांधायला पैसा आणि माणसे आपणच दिली, हे तिथले लोकही मान्य करतात. पण माझ्या सासूबाई धारवाडच्या. शेजारणीशी साखरेची वाटी देतानाही त्या म्हणतात, "लेक्क बेरे, स्नेह बेरे." हिशोब वेगळा, मैत्री वेगळी. हिशोब स्वच्छ असला, की मैत्रीला ओझे होत नाही. मोठ्या शेजाऱ्याने तर तो आधी मांडून दाखवावा. भाव काय, व्याज काय, डोंगर सरकला तर नुकसान कोणाचे, हे सगळे.

परत आल्यावर वर्गात मुलांना हे सांगितले. एकाने विचारले, "सर, ती वीज आपल्या बेळगावात येते का?" मी म्हटले, अमुक युनिट तिथले असे ओळखता येत नाही. पण 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. म्हणजे कर्नाटक आणि महाराष्ट्र यांना जोडणाऱ्या तारेतूनच आपण त्या जाळ्यात आलो.

त्या रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावताना पारोच्या आजी आठवल्या. आमच्या भाताच्या कुकरखाली गॅस होता, त्यांच्या कुकरला वीज. दोन्ही घरांत जेवण मात्र शेजाऱ्याच्या भरवशावर.