रोजा, गोळी आणि घड्याळ

माझ्या धाकट्या भावाला बाराव्या वर्षी पहिली फिट आली. मोहल्ल्याने लगेच निदान केलं: 'असर' झालाय. तावीज बांधला गेला, दम केलेलं पाणी पाजलं गेलं, फिट आली की कुणीतरी नाकाशी चप्पल धरायचं. अम्मीने दुआ सोडली नाही, पण सरकारी दवाखान्यातल्या गोळ्याही सुरू केल्या. गोळ्या नियमित झाल्या तशा फिट थांबल्या.

तरी दरवर्षी रमजान आला की त्याला रोजे धरायचेच असतात. 'सकाळची एक गोळी नाही घेतली तर काय बिघडतं?' हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर मला वॉर्डातल्या एका सिस्टरने दिलं. ही गोळी आजार मुळातून काढत नाही. रक्तात तिचं प्रमाण टिकून असतं तोवरच ती फिट रोखते. फिनोबार्बिटोन हे 1912 पासून वापरात असलेलं औषध शरीरात निम्म्यावर यायला साधारण तीन-चार दिवस लागतात, म्हणून ते रोज एकदा घेऊन भागतं. लेव्हेटिरासेटम 6 ते 8 तासांतच निम्म्यावर येतं, म्हणून ते दिवसातून दोनदा. कुठली गोळी सहेरी-इफ्तारच्या वेळेत बसेल आणि कुठली नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं, तेही रमजानच्या काही आठवडे आधी. शिवाय रात्री तरावीह आणि पहाटे सहेरी म्हणजे झोप अर्धी. गोळीची वेळ जमली तरी जागरणाने फिट येऊ शकते.

औषध एकदम तुटलं तर शुद्ध न येता एकामागून एक फिट येऊ शकतात. त्यात जीवही जातो. फिट आलेल्याला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.

सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे: बरं वाटल्यावर रोजे पूर्ण करावेत. ज्याचा आजार कायमचा आहे, त्याने फिदया द्यावा, असं उलेमा सांगतात. म्हणजे अल्लाहने जी वाट मोकळी ठेवली, ती आपण अडवून बसतो. भावाला भीती आजाराची नाही, लोकांची आहे. दुपारची गोळी तो दार लावून घेतो, कारण गल्लीत कुणीतरी विचारतंच, 'रोजा नहीं क्या रे?'

हा प्रश्न विचारणाऱ्याला त्यात काही वाईट वाटत नसेल. पण त्याला उत्तर द्यायला नको म्हणून एखादा पोरगा गोळी चुकवतो. रमजानमध्ये कुणी पाणी पिताना दिसला, तर नजर वळवून पुढे जावं. त्याचा हिशोब ठेवणारा वेगळा आहे.